अवघड मासे पाळण्याची आपली तयारी झाली आहे का? नागपूरच्या हौशी मासेपालकांसाठी मार्गदर्शन

गप्पी, मॉली, झेब्रा डॅनिओ किंवा एखादा फायटर घरात चांगला रुळला की दुकानात गेल्यावर नजर आपोआप मागच्या रांगेतल्या टँककडे जाऊ लागते. तिथे ताटलीसारखे गोल डिस्कस असतात, निळ्या ठिपक्यांचे जर्मन रॅम असतात, बोटाच्या पेराएवढे पफर असतात. त्या वेळी दुकानदाराला हमखास विचारला जाणारा प्रश्न म्हणजे ‘हा टिकेल का?’ दुकानदार या प्रश्नाचे खरे उत्तर देऊ शकत नाही, कारण आपल्या नळाला कोणते पाणी येते, मे महिन्यात आपल्या हॉलमध्ये दुपारी किती तापते आणि लग्नसराईत आपले घर सलग किती दिवस बंद असते, यांपैकी त्याला काहीच ठाऊक नसते. हे उत्तर आपल्यालाच काढावे लागते.

मासे किती वर्षे पाळले किंवा टँकवर किती पैसे घातले, यावरून तयारी मोजू नये. सध्याच्या साध्या टँकने नागपूरचा उन्हाळा, पावसाळा आणि हिवाळा असा एक पूर्ण फेरा औषधाची बाटली न उघडता काढला आहे का, आणि तो कशामुळे निभावला हे आपल्याला नेमके सांगता येते का, हे मी पाहतो. खालच्या पायऱ्या त्याच तपासणीच्या आहेत.

पायरी 1: अवघडपणा कशात आहे ते आधी पाहावे

‘अवघड’ हा शिक्का सगळ्या माशांवर सरसकट मारला जातो, पण प्रत्येक माशाची अडचण वेगळी असते. डिस्कसला 28 ते 30 अंश सेल्सिअस तापमानाचे, मऊ (कमी क्षारांचे), किंचित आम्लधर्मी आणि सतत स्वच्छ पाणी लागते. शिवाय तो पाच-सहा जणांच्या गटातच निर्धास्त राहतो. ऑस्कर पाण्याच्या बाबतीत पुष्कळ सोशिक आहे, मात्र तो फूटभर वाढतो, खातो भरपूर आणि घाणही तेवढीच करतो. फ्लॉवरहॉर्न दणकट असतो, पण दुसरा मासा त्याला खपत नाही. केरळच्या नद्यांमधला पी पफर जेमतेम इंचभराचा, परंतु कोरडे दाणे तो बहुधा तोंडात घेत नाही आणि त्याला छोट्या गोगलगायी व जिवंत किंवा गोठवलेले खाद्य पुरवावे लागते. टांगानिका सरोवरातला ट्रोफिअस दगडांवरचे शेवाळ खाऊन जगतो. त्याला प्रथिनांनी भरलेले खाद्य दिले की पोट फुगून तो दगावतो. म्हणून मासा निवडण्यापूर्वी त्याच्या नावापुढे पाणी, आकार, स्वभाव किंवा खाद्य यांपैकी एक शब्द लिहावा आणि त्या एका बाबतीत आपले घर कसे आहे ते प्रामाणिकपणे पाहावे.

याची उलट बाजूही आहे. दुकानात सोपे म्हणून दिले जाणारे काही मासे मुळीच सोपे नसतात. दोन इंचांचा चंदेरी ‘शार्क’ म्हणून मिळतो तो पंगासिअस जातीचा असून नदीत मीटरभराहून मोठा होतो. काच साफ करायला म्हणून आणलेला सकर दीड फुटापर्यंत जातो. गोल्डफिश तर थंड पाण्याचा मासा आहे आणि नागपूरच्या मे महिन्यात काचेच्या गोल भांड्यात तो ठेवणे हा निव्वळ छळ आहे. असे वाढलेले मासे पुढे फुटाळा किंवा अंबाझरीत सोडून देण्याची जी पद्धत पडली आहे, ती पूर्णपणे बंद व्हायला हवी. सकर तलावात तग धरतो, वाढतो आणि स्थानिक माशांच्या मुळावर येतो.

काही जिवांचा विचारच करू नये. समुद्री घोडे आणि दगडी प्रवाळ वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 खाली संरक्षित आहेत, त्यामुळे ते कोणी ‘मिळवून देतो’ म्हटले तरी तो विषय तिथेच संपवावा. आशियाई अरोवानाच्या व्यापारावरही आंतरराष्ट्रीय निर्बंध आहेत. त्याची कागदपत्रे हातात आल्याशिवाय व्यवहार करू नये.

पायरी 2: सध्याच्या टँकची वही उघडावी

वही नसेल तर आजच सुरू करावी आणि अवघड माशांचा विचार पुढच्या वर्षावर टाकावा. वहीत आठवड्यातून एकदा पाण्याचे सकाळचे व दुपारचे तापमान, पीएच, अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट, बदललेले पाणी किती लिटर आणि काही विशेष घडले असल्यास ते, एवढेच लिहायचे आहे. पट्ट्यांपेक्षा थेंबांची चाचणी घ्यावी. ती महाग वाटते, पण एका डिस्कसच्या किमतीच्या तुलनेत तसे वाटण्याचे कारण नाही.

नवख्या वाचकांसाठी मूळ गोष्ट थोडक्यात सांगतो. माशांच्या श्वसनातून आणि विष्ठेतून अमोनिया तयार होतो, फिल्टरमधले जिवाणू त्याचे नायट्राइट करतात, दुसरे जिवाणू नायट्राइटचे नायट्रेट करतात आणि नायट्रेट आपण पाणी बदलून बाहेर काढतो. नव्या टँकमध्ये ही साखळी बसायला साधारण चार ते आठ आठवडे लागतात. ती बसलेली असेल तर अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य येतात, तर नायट्रेट पाणी बदलण्याच्या आदल्या दिवशीही 20 ते 30 पीपीएमच्या (लिटरमागे मिलिग्रॅम) आत राहते. फिल्टरचा स्पंज नळाखाली धुतला तर क्लोरीनने हेच जिवाणू मरतात. तो टँकमधून काढलेल्या पाण्यातच पिळावा. चांगल्या चाललेल्या स्पंजला पावसानंतरच्या मातीसारखा वास येतो. कुजका वास आला तर आत पाणी फिरत नाही असे समजावे.

या साखळीत नागपूरकरांनी एक गोष्ट विशेष लक्षात ठेवावी. पाण्यातला सगळा अमोनिया सारखा विषारी नसतो. 25 अंश तापमान आणि 7 पीएच असताना त्याचा अर्ध्या टक्क्याहून थोडाच अधिक भाग विषारी रूपात असतो. पीएच 8 झाला की हा भाग 5 टक्क्यांवर जातो आणि त्याच पाण्याचे तापमान 30 अंश झाले की साडेसात टक्क्यांच्या घरात पोचतो. म्हणजे चाचणीतला जो आकडा मऊ पाण्याच्या टँकमध्ये डिसेंबरात खपून जातो, तोच आकडा बोअरच्या पाण्यावर चालणाऱ्या टँकमध्ये मे महिन्यात मासे मारू शकतो.

आता वहीची परीक्षा घ्यावी. वर्षभरात मेलेल्या प्रत्येक माशापुढे कारण लिहिलेले आहे का ते पाहावे. ‘अचानक गेला’ किंवा ‘वय झाले असेल’ अशा नोंदी दोनापेक्षा जास्त असतील तर टँक आपल्याला अजून कळलेला नाही. त्यानंतर काही आठवडे असे करावे की नायट्रेटची चाचणी करण्यापूर्वी अंदाजाचा आकडा वहीत लिहायचा आणि मग चाचणी करायची. अंदाज आणि चाचणी सतत जवळजवळ येऊ लागले, की खाद्य, माशांची संख्या आणि पाणी बदलण्याचे प्रमाण यांचा मेळ आपल्या डोक्यात बसला आहे. माझ्या दृष्टीने ही तयारीची सर्वांत भरवशाची खूण आहे आणि तिला एक पैसाही लागत नाही.

पायरी 3: आपल्या घरचे पाणी ओळखून मासा निवडावा

महापालिकेचे पाणी मुख्यतः पेंच प्रकल्प आणि कन्हान नदी येथून येते व शुद्धीकरणानंतर क्लोरीन घालून घरोघरी पोचते. शहराच्या कडेच्या वस्त्यांमध्ये आणि अनेक अपार्टमेंटमध्ये मात्र बोअरचे पाणी वापरले जाते, किंवा दोन्ही पाणी एकाच भूमिगत टाकीत मिसळते. हा मिसळीचा प्रकार सर्वांत घातक आहे, कारण नळाला पाणी कमी आले की बोअरचा वाटा वाढतो आणि आपल्याला न कळवता पाण्याचा स्वभाव बदलतो. म्हणून सोसायटीच्या चौकीदाराला विचारून घ्यावे आणि नळ, बोअर व टँक या तिन्ही ठिकाणच्या पाण्याचा पीएच, जडपणा आणि टीडीएस वेगवेगळ्या ऋतूंत मोजून ठेवावा. टीडीएस मीटर स्वस्तात मिळतो, परंतु तो फक्त विरघळलेले एकूण क्षार सांगतो. कॅल्शियम-मॅग्नेशियमचा जडपणा म्हणजे जीएच आणि पीएचला आधार देणारा कार्बोनेट जडपणा म्हणजे केएच यांची चाचणी वेगळीच करावी लागते.

बोअरचे पाणी जड आणि अल्कधर्मी निघाले म्हणून खट्टू होण्याचे कारण नाही. मलावी सरोवरातल्या म्बुना जातीच्या सिक्लिडना 7.8 ते 8.6 पीएचचे जड पाणीच मानवते. दिसायला ते समुद्री माशांइतके रंगीत असतात आणि त्यांची भांडणे आटोक्यात ठेवणे हे पुरेसे आव्हान आहे. बोअरचे पाणी असलेल्या घरात डिस्कसचा हट्ट धरून दर आठवड्याला पाण्याशी झुंजण्यापेक्षा हा मार्ग कितीतरी शहाणपणाचा आहे.

तरीही मऊ पाण्याचे मासेच ठेवायचे असतील तर हिशेब करावा. चार फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच टँकमध्ये साधारण 240 लिटर पाणी बसते. आठवड्याला अर्धे पाणी बदलायचे म्हटले तर 120 लिटर हवे आणि त्यात निम्मे आरओचे घ्यायचे तर 60 लिटर. घरगुती आरओ यंत्र तासाला साधारण 12 ते 15 लिटर पाणी देते, म्हणजे चार-पाच तास ते केवळ टँकसाठी चालवावे लागेल आणि शुद्ध पाण्यापेक्षा जास्त पाणी बाहेर टाकले जाईल. ते फरशी पुसायला आणि कपड्यांना वापरता येते, पण पाणीकपातीच्या दिवसांत घरातले लोक याकडे कोणत्या नजरेने पाहतील हेही तयारीतच मोडते. निव्वळ आरओच्या पाण्यात मासे कधीही ठेवू नयेत. त्यात केएच जवळजवळ नसल्यामुळे पीएच एका रात्रीत कोसळू शकतो. टीडीएस 300 चे नळाचे पाणी आणि 20 चे आरओ पाणी समप्रमाणात मिसळले की 160 च्या आसपास येते, आणि दर वेळी तेच प्रमाण ठेवणे हे आकड्यापेक्षा महत्त्वाचे आहे. रस्त्याकडेच्या देशी बदामाची गळालेली, पूर्ण वाळलेली पाने धुऊन टाकल्यास पाण्याला चहासारखा रंग येतो आणि पीएच किंचित उतरतो, मात्र जड पाण्यावर त्यांचा परिणाम नगण्य असतो. फवारणी होणाऱ्या बागेतली पाने घेऊ नयेत.

नळाच्या पाण्याबाबत दोन सावधगिरीच्या गोष्टी आहेत. जलवाहिनीच्या दुरुस्तीसाठी घेतलेल्या शटडाऊननंतर आलेले पहिले पाणी गढूळ असते. त्या दिवशी पाणी बदलणे पुढे ढकलावे. क्लोरीन घालवण्यासाठी हायपोचे (सोडियम थायोसल्फेटचे) खडे वापरले जातात ते योग्यच आहे, पण अंदाजाने चिमूटभर टाकण्याऐवजी त्याचे द्रावण करून मापाने घालावे. वेळ असेल तर उघड्या ड्रममध्ये रात्रभर एअर स्टोन चालवला तरी साधे क्लोरीन उडून जाते.

आणि छतावरची टाकी. मे महिन्यात दुपारी दोनला बाथरूमचा नळ उघडला तर पाण्याखाली हात धरवत नाही. त्याच टाकीचे पाणी पहाटे पाचला सोसवण्याइतके निवलेले असते. उन्हाळ्यात पाणी पहाटेच भरून ठेवावे आणि थर्मामीटर बुडवून टँकशी दोन अंशांच्या आत जुळले तरच घालावे. जानेवारीत याच नियमाची उलटी बाजू येते.

पायरी 4: उन्हाळ्याची आणि वीज जाण्याची तालीम करावी

नागपुरात 23 मे 2013 रोजी 47.9 अंश आणि 29 डिसेंबर 2018 रोजी 3.5 अंश तापमान नोंदले गेले. हे टोकाचे दिवस आहेत, पण मासेपालकाला टोकाच्या दिवसांचाच विचार करावा लागतो. 25 अंशाच्या पाण्यात लिटरमागे साधारण 8.3 मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, 30 अंशाला 7.6 आणि 35 अंशाला 7 च्या खाली. तापलेल्या पाण्यात माशाला प्राणवायू जास्त लागतो आणि नेमका तेव्हाच तो कमी मिळतो, म्हणून उन्हाळ्यात टँकमधले मासे आणि खाद्य दोन्ही कमी ठेवणे हाच पहिला उपाय आहे.

दुसरा उपाय नागपूरच्या कोरड्या हवेत विलक्षण चांगला चालतो. पाण्याच्या पृष्ठभागावर छोटा पंखा आडवा सोडला की बाष्पीभवनाने पाणी दोन ते चार अंशांनी उतरते. पावसाळ्यात हवा दमट झाली की हाच पंखा जवळजवळ निरुपयोगी ठरतो. त्याच खोलीत डेझर्ट कूलर चालू असेल तर हवा थंड पण ओलसर असते, त्यामुळे पंख्याचा परिणाम कमी दिसतो. अशा खोलीत कूलरवरच भिस्त ठेवावी आणि तो रात्री बंद केल्यावर पाणी किती चढते ते मोजावे. पंख्याची एक छुपी किंमत असते: रोज पाणी उडते आणि क्षार मागे राहतात. उडालेल्या पाण्याची भर जड पाण्यानेच घातली तर पावसाळ्यापर्यंत टीडीएस बराच वाढलेला असतो. भर आरओच्या पाण्याने घालावी. बर्फाच्या बाटल्या टाकण्याने पाणी झपाट्याने उतरते आणि तितक्याच झपाट्याने चढते, म्हणून तो नेहमीचा उपाय होऊ शकत नाही. पश्चिमेच्या भिंतीला टेकवलेला टँक तर उन्हाळ्यापूर्वीच हलवावा.

मासा निवडताना हाच हिशेब उपयोगी पडतो. डिस्कस आणि जर्मन रॅम उष्ण पाण्याचे असल्यामुळे नागपूरच्या उन्हाळ्यात त्यांचे फारसे बिघडत नाही; त्यांची परीक्षा डिसेंबरात हीटर बंद पडला तर होते. याउलट ‘मिस केरळ’ म्हणून ओळखला जाणारा डेनिसन बार्ब सह्याद्रीतल्या गार, वाहत्या, प्राणवायूने भरलेल्या ओढ्यांमधला आहे. वातानुकूलित खोली किंवा चिलर (पाणी थंड करणारे यंत्र) नसेल तर तो इथे ठेवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. समुद्री टँकसाठी चिलर इथे जवळजवळ अनिवार्यच समजावा आणि त्याचे विजेचे बिल आधी काढून पाहावे.

मृगाच्या पहिल्या वादळात वीज जाते तेव्हा आपण घरी असूच असे नाही. म्हणून एखाद्या रविवारी घरी असताना टँकची सर्व बटणे तीन-चार तास बंद ठेवून समोर बसावे. मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडमीट करू लागले तर लगेच सगळे चालू करावे आणि किती वेळात असे झाले ते वहीत लिहावे. तेवढाच आपला राखीव वेळ. त्यानुसार एअर पंप घरच्या इन्व्हर्टरवर घ्यावा, कारण तो जेमतेम चार-पाच वॅट खातो. हीटर इन्व्हर्टरवर चालवण्याचा विचार करू नये. मुख्य फिल्टर कॅनिस्टर (टँकबाहेरच्या बंद डब्याचा) असला तरी सोबत एक स्पंज फिल्टर असावा. कॅनिस्टर अनेक तास बंद राहिला असेल तर आतले साचलेले पाणी फेकूनच तो सुरू करावा, नाहीतर सडलेले पाणी थेट टँकमध्ये येते.

डासांचा विषयही इथेच येतो. मच्छर मारणाऱ्या लिक्विड मशीनमध्ये आणि फवाऱ्यांमध्ये असलेली पायरेथ्रॉइड गटातली रसायने माशांना अत्यंत विषारी असतात. टँकच्या खोलीत ती वापरू नयेत, आणि डेंग्यूच्या दिवसांत धुराची फवारणी गल्लीत आली की खिडक्या लावून, टँक झाकून, एअर पंप थोडा वेळ बंद ठेवावा, कारण तो खोलीतलीच हवा पाण्यात ढकलतो.

पायरी 5: दुसरा टँक आणि शिकलेली नजर

क्वारंटाइन टँक ठेवायला जागा नसेल तर अवघड मासा आणू नये. या बाबतीत मी तडजोड सुचवणार नाही. दीड-दोन फुटांचा साधा टँक, मुख्य फिल्टरमध्ये आधी महिनाभर ठेवून तयार केलेला स्पंज, हीटर, लपायला पाइपचा तुकडा, आणि स्वतंत्र जाळी व बादली एवढे पुरते. नवा मासा त्यात किमान चार आठवडे राहावा.

या काळात रोज सकाळी दिवा लावण्यापूर्वी पाच मिनिटे नुसते पाहावे. निरोगी डिस्कस माणूस जवळ आला की पुढे येतो. बिघाड सुरू झालेला डिस्कस काळवंडतो, कोपऱ्यात तोंड घालतो, कधी एकाच कल्ल्याने श्वास घेतो आणि त्याची विष्ठा पांढरी, दोऱ्यासारखी लोंबते; ही आतड्यातल्या परजीवींची खूण असू शकते. हे सगळे खाणे बंद होण्याच्या कितीतरी आधी दिसते. सध्याच्या टँकमधला एखादा मॉली अंग घासतो आहे किंवा पंख मिटून बसला आहे हे आपल्या लक्षात त्याच दिवशी येते का, हे स्वतःला विचारावे.

पांढऱ्या ठिपक्यांचा रोग एकदा तरी स्वतः समजून घेतलेला असावा. ठिपका अंगावर असताना औषध त्यातल्या परजीवीपर्यंत पोचत नाही. तो सुटून पाण्यात पोहत असतो तेव्हाच मरतो. म्हणून ठिपके दिसेनासे झाल्यावरही उपचार काही दिवस चालू ठेवावा लागतो. कोमट पाण्यात हे चक्र वेगाने फिरते. कॉपरयुक्त औषधाने झिंगे आणि गोगलगायी मरतात, तर लोच आणि कॅटफिश यांसारखे खवले नसलेले किंवा अगदी बारीक खवल्यांचे मासे नेहमीच्या मात्रेनेही दगावू शकतात. कोणते औषध कशावर आहे हे न सांगता येणाऱ्या व्यक्तीने दिलेली निळी-हिरवी बाटली पाण्यात ओतू नये.

पायरी 6: खाद्य, जागा आणि घरची माणसे

नाल्यातून काढलेले ट्युबिफेक्स किडे स्वस्त असले तरी सोबत रोग घेऊन येतात. त्याऐवजी गोठवलेले ब्लडवर्म आणि घरी अंड्यांतून फोडलेला आर्टेमिया (खाऱ्या पाण्यातला सूक्ष्म झिंगा) वापरावा. लिटरभर पाण्यात 25 ते 30 ग्रॅम मीठ, जोराची हवा आणि 26 ते 28 अंश तापमान दिले की दीड दिवसात अंडी फुटतात. फ्रीजरमध्ये किड्यांचे पाकीट ठेवायला घरच्यांची हरकत आहे का, हे मासा आणण्यापूर्वी विचारावे.

चार फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच टँकमध्ये सव्वाचारशे लिटरहून अधिक पाणी मावते, म्हणजे काच, वाळू आणि स्टँड धरून अर्ध्या टनाहून जास्त वजन एका जागी येते. तळमजल्यावर त्याची फारशी चिंता नाही. वरच्या मजल्यावर, विशेषतः जुन्या इमारतीत, स्थापत्य अभियंत्याला दाखवून तुळईजवळ, भिंतीलगत जागा ठरवावी.

सुट्टीचे तसे सोपे आहे. मोठे, निरोगी मासे चार-पाच दिवस उपाशी राहू शकतात. शेजारच्या काकूंनी प्रेमाने टाकलेल्या मूठभर दाण्यांपेक्षा उपास बरा. पण हीटर, फिल्टर आणि वीज यांवर नजर ठेवणारे कोणीतरी हवे, आणि त्या व्यक्तीला बटणे आधी दाखवून ठेवावीत.

पायरी 7: मधला मासा पाळून पाहावा

गप्पीवरून थेट डिस्कसवर उडी घेऊ नये. मध्ये क्रिबेन्सिस, एंजल, बोलिव्हियन रॅम किंवा कोरिडोरास यांपैकी काही ठेवावेत. यात मला क्रिबेन्सिस सर्वांत शिकवणारा वाटतो. नारळाच्या करवंटीला एक भोक पाडून उपडी ठेवली की जोडी तिचा ताबा घेते, मादीचे पोट जांभळट लाल होते आणि पिल्ले निघाल्यावर आईबाप त्यांना घेऊन टँकभर फिरतात. या माशात पाण्याच्या पीएचचा पिल्लांच्या लिंगप्रमाणावर परिणाम होतो आणि आम्लधर्मी पाण्यात नर जास्त निघतात, त्यामुळे पाणी म्हणजे काय चीज आहे ते डोळ्यांसमोर दिसते. पिल्ले वाढवताना दिवसातून तीन-चारदा थोडे थोडे खाद्य देऊनही नायट्राइट शून्यावर राखता आले, तर डिस्कसच्या पिल्लांचे वाढते पोटही आपण सांभाळू शकाल. मधल्या माशाबरोबर उन्हाळ्याचे चार महिने जाऊ द्यावेत.

पायरी 8: पहिला अवघड मासा आणताना

नागपुरात दुकानांतले बरेच मासे कोलकाता, चेन्नई किंवा मुंबईहून लांबचा प्रवास करून येतात. ऑक्टोबर-नोव्हेंबर किंवा फेब्रुवारी हा आणण्याचा योग्य काळ आहे. नवतपात पिशवीतले पाणी दुकानापासून घरापर्यंतही तापते. माल आल्याच्या दिवशी मासा घेऊ नये. पसंत पडलेल्या माशासाठी आगाऊ रक्कम द्यावी, तो आठवडाभर दुकानातच राहू द्यावा आणि मग आपल्यासमोर खाद्य टाकायला लावून तो खातो का ते पाहावे. त्या टँकमधला एकही मासा आजारी दिसला तर आगाऊ रकमेवर पाणी सोडावे लागले तरी परत फिरावे. दुकानातल्या पाण्याचा पीएच आणि टीडीएस तिथेच मोजून घ्यावा.

लांबून पिशवीत आलेल्या माशाला तासभर थेंब-थेंब टँकचे पाणी देत बसण्याची पद्धत प्रचलित आहे, परंतु ती प्रत्येक वेळी हिताची नसते. बंद पिशवीत कार्बन डायऑक्साइड साठून पीएच उतरलेला असतो आणि त्यामुळे साचलेला अमोनिया फारसा बाधत नाही. पिशवी उघडताच वायू उडून जातो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया विषारी रूप घेतो. म्हणून अनेक तास पिशवीत असलेल्या माशाची बंद पिशवी वीस मिनिटे टँकवर तरंगती ठेवून तापमान जुळवावे, क्वारंटाइन टँकचे पाणी आधीच दुकानाच्या किंवा पाठवणाऱ्याच्या पाण्याशी जुळते करून ठेवावे, आणि पिशवी उघडल्यावर वेळ न दवडता मासा जाळीने उचलून आत सोडावा. पिशवीतले पाणी टँकमध्ये जाऊ देऊ नये. जवळच्या दुकानातून अर्ध्या तासात आणलेल्या माशाला मात्र थेंबांची पद्धत चालते.

पहिला दिवस दिवा बंद आणि खाद्य बंद. दुसऱ्या दिवशी अगदी थोडे द्यावे आणि दहा मिनिटांत न खाल्लेले नळीने काढून टाकावे. डिस्कस चार-पाच दिवस तोंड लावत नाही असे होऊ शकते, तेवढ्याने औषधाकडे धावू नये. काळवंडणे आणि जलद श्वास यांकडे लक्ष ठेवावे. पहिले दोन आठवडे अमोनिया आणि नायट्राइट रोज मोजावेत, कारण सहा मासे एकदम आल्याने फिल्टरवरचा भार एका रात्रीत वाढतो, आणि शून्यापेक्षा वेगळा आकडा आला की त्याच दिवशी तिसरा हिस्सा पाणी बदलावे. चार आठवड्यांनी मुख्य टँकमध्ये हलवण्यापूर्वी आठवडाभर दोन्ही टँकमधले थोडे थोडे पाणी एकमेकांत बदलून पीएच आणि टीडीएस जुळते करावेत, आणि हलवण्याचे काम संध्याकाळी, दिवा मालवल्यावर करावे.